शोले, १९८ मिनिटं आणि २०४ मिनिटं: नोंद चौथी

आधी मागच्या नोंदीतली चूक दुरुस्त करते. माझ्याकडच्या शोलेच्या व्हीसीडीची एकूण वेळ १९० मिनिटं भरली, म्हणजे १९८ मिनिटांच्या डीव्हीडीपेक्षा आठ मिनिटं कमी, म्हणजे कुणीतरी आणखी कात्री लावली असणार, असं मी ठामपणे लिहिलं होतं. दोन रविवार ती आठ मिनिटं शोधण्यात गेले. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला टीव्ही, मध्ये एक्सेलची शीट. शॉट न् शॉट जुळत गेला. काहीच गळलेलं नव्हतं!

कारण अगदी साधं निघालं. सिनेमा चालतो सेकंदाला २४ फ्रेमनी. ही व्हीसीडी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची, तिथे तेच फ्रेम सेकंदाला २५ च्या वेगाने पळतात. १९८ ला २४ ने गुणून २५ ने भागा, १९० येतात. सिनेमा तोच, फक्त घाईत चाललेला. आवाजही त्या वेगाबरोबर चढतो, अर्ध्या स्वराहून थोडा कमी. खात्री करायला आत्याची पेटी मागून आणली आणि जयच्या माउथऑर्गनची धून लावली. (वाजवलीय भानू गुप्तांनी, संगीत आर. डी. बर्मन यांचं.) डीव्हीडीवर सूर पेटीच्या ज्या पट्टीला बरोबर बसतो, व्हीसीडीवर तो त्या पट्टीच्या आणि पुढच्या पट्टीच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. संध्याकाळी राधा एकेक दिवा मालवते आणि जय खाली पायरीवर बसून वाजवतो, तो प्रसंग व्हीसीडीवर मला नेहमी किंचित उतावळा वाटायचा. का ते आता कळलं. तेव्हा मंडळी, वेळ कमी दिसली की लगेच सेन्सॉरवर आळ घेऊ नका, आधी २४ ने गुणून २५ ने भागून बघा.

आता खऱ्या कापाकापीकडे.

माझ्याकडच्या दोन डीव्हीडींपैकी एक १९८ मिनिटांची, सेन्सॉरने पास केलेल्या शेवटाची. दुसरी २०४ ची, मूळ शेवट असलेली. पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगते. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि ऑगस्टमध्ये सिनेमा लागायचा होता. निवृत्त पोलीस अधिकारी गुन्हेगाराला स्वतःच्या पायांनी ठार मारतो, हे सेन्सॉरला चालणार नव्हतं. रमेश सिप्पींना शेवट नव्याने चित्रित करावा लागला. संजीव कुमार तेव्हा सोव्हिएत संघात होते, त्यांना त्यासाठी परत यावं लागलं.

या आठवड्यात तो शेवट दोन्ही प्रतींवर फ्रेमगणिक पाहिला. ठाकूर पाय उचलतो तिथवर गोष्ट एकच. १९८ मध्ये त्याच क्षणी पोलीस येऊन थांबवतात, कायद्याची आठवण करून देतात, आणि ठाकूर थांबतो. २०४ मध्ये कुणी येत नाही. ज्या दोन खांबांमध्ये हात तुटले, तिथेच गब्बर खिळ्यावर जाऊन मरतो आणि ठाकूर रडू लागतो. अख्ख्या सिनेमात शालीआड गप्प उभा असलेला हा माणूस, आणि त्याचं रडणंच पन्नास वर्षं बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेलं नाही. माझ्या मते कापलेल्या सगळ्यात हेच सर्वांत मोठं नुकसान. मरण कापलं त्याचं मला तितकं वाटत नाही, सूड घेऊनही हाती काही लागलं नाही हे सांगणारा चेहरा गेला त्याचं वाटतं. रामलाल ठाकूरच्या चपलांना खिळे ठोकतो तो प्रसंगही लांब प्रतीतच आहे. तो नसला की शेवटच्या मारामारीत पायांना एवढी धार कुठून आली, हे समजत नाही.

पण प्रत्येक कात्रीने वाईटच केलं असं म्हणायला मी तयार नाही. अहमदचा प्रसंग घ्या (सचिन पिळगांवकर, इमामसाहेबांचा मुलगा). १९८ मध्ये गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो, आणि पुढे घोडा प्रेत घेऊन गावात येतो. बास. २०४ मध्ये गब्बर त्या मुलाचे केस धरून धमकावतो तेही आहे. मी दोन्ही प्रती लागोपाठ तीनदा पाहिल्या. मुंगीवर तोडलेला प्रसंगच जास्त काळीज कापतो. संकलक एम. एस. शिंदे. शोलेला त्या वर्षी मिळालेलं एकमेव फिल्मफेअर त्यांचं, संकलनासाठी, आणि ते आपण मराठी लोकांनी अजून अभिमानाने सांगायला हवं.

चौकटीचं (म्हणजे पडद्यावरच्या चित्राच्या आकाराचं) प्रकरण मात्र मला वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. २०४ ची प्रत जवळजवळ चौकोनी, १९८ ची रुंद. दोन्हींतली एकच फ्रेम शेजारी ठेवली की लांब प्रतीत वर आभाळ जास्त, खाली जमीन जास्त. पहिल्यांदा मी हरखून गेले, वाटलं हीच पूर्ण फ्रेम! पण द्वारका दिवेचांनी चित्रण केलं ३५ मिमीवर, ७० मिमीची रुंद चौकट नजरेसमोर ठेवून, आणि मग लंडनमध्ये ते ७० मिमीवर मोठं केलं गेलं. म्हणजे ते जादा आभाळ प्रेक्षकाला दिसावं असा हेतूच नव्हता. ज्या प्रतीत शेवट खरा, तिच्यात चौकट खरी नाही. जिच्यात चौकट खरीच्या जवळ जाते, तिच्यात शेवट बदललेला.

बाबांनी शोले मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाहिला होता. त्यांना २०४ चा शेवट दाखवला तर म्हणाले, “हा शोले नाही.” त्यांच्यासाठी पोलीस येतात तोच मूळ. १९७५ मध्ये पडद्यावर लागला तो तोच होता, हे मलाही नाकारता येत नाही. म्हणून शीटमधल्या ‘मूळ’ या रकान्याचे आता दोन केलेत: ‘चित्रित’ आणि ‘प्रदर्शित’.

आवाजावर अजून फारसं काम झालेलं नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येनंतर वाऱ्याने प्रेतांवरच्या चादरी उडतात, रिकामा झोका कुरकुरतो. जुन्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ट्रॅकवर ती कुरकुर एकटी ऐकू येते. ५.१ मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेल्या ट्रॅकवर, ती मागच्या स्पीकरवर जाऊन विरते. मी मोनोच लावते.

फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनर्संचयित केलेली प्रत (बोलोन्यात २७ जून २०२५ ला दाखवली ती) डिसेंबरमध्ये थिएटरात पाहिली. मूळ शेवट आणि ७० मिमीची चौकट, दोन्ही एकाच वेळी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर होते. कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेली, ७० मिमीची एकही प्रत शिल्लक नाही, तरी हे जमवलं! पण थिएटरात पॉझ करता येत नाही, त्यामुळे शीटमध्ये तो रकाना अजून रिकामा आहे.

तोवर एक मदत हवी आहे. परदेशातून आणलेली लांब आवृत्तीची व्हीएचएस टेप कुणाकडे चालू स्थितीत असेल, तर अहमदच्या प्रसंगात मुंगीच्या आधी आणि नंतर पार्श्वसंगीत सलग वाजतं की तुटतं, एवढं ऐकून सांगा. माझ्या डीव्हीडीवर तिथे मला जोड ऐकू येतो. तो १९७५ चा की डिस्क बनवतानाचा, हे त्यावरून कळेल.