तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या मोठ्या जहाजाला वॉचमन कोण?

आमच्या सोसायटीच्या गेटशी गेल्या महिन्यात एका शेजाऱ्यांनी मला थांबवलं. त्यांचा मुलगा यंदा बारावी झाला आणि मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. ते म्हणाले, "भाऊ, आपल्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट, तरी आपण दोन वॉचमन ठेवले आहेत न. तुमच्या एवढ्या मोठ्या जहाजाची सिक्युरिटी कोण करते? आणि तुम्ही इथं नागपुरात बसून काय तपासून राहिले?"

मी आधी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो, आता जहाजं तपासतो, म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, विदर्भ एक्सप्रेसमध्ये, सीताबर्डीच्या बँकेत, सगळीकडे विचारला जातो. गेटवर उभ्या उभ्या मी तो दरवेळी दोन वाक्यांत उडवतो. या वेळी बाप आपल्या मुलासाठी विचारत होता, म्हणून नीट लिहितो.

जहाजावर वॉचमन नसतो. सोमालियाच्या बाजूनं जाताना काही जहाजं बंदुकवाली माणसं घेतात, पण ती धोक्याच्या पट्ट्यापुरती. एरवी दीडदोनशे मीटर लांबीच्या जहाजावर आम्ही असतो वीस-बावीस जण, आणि तीच त्याची सिक्युरिटी. बंदराला लागलं की गँगवेशी, म्हणजे जिथून शिडी वर येते तिथे, एक खलाशी उभा राहतो. हातात वॉकीटॉकी, समोर व्हिजिटर लॉग, बाजूला पास अडकवलेला बोर्ड. बहुतेक वेळा तो खालच्या हुद्द्याचा असतो, ओएस किंवा एबी, म्हणजे साधा किंवा थोडा अनुभवी खलाशी, वय बावीस-तेवीस. जहाजाच्या सुरक्षेवर जाडजूड पुस्तकं आहेत, पण ती सगळी शेवटी या पोराच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर येऊन उभी राहतात : "साहेब, तुमचं ओळखपत्र दाखवा."

हे नियम फार जुने नाहीत. २००० साली एडनच्या बंदरात तेल घ्यायला थांबलेल्या 'कोल' या अमेरिकी युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली छोटी बोट येऊन भिडली आणि १७ नौसैनिक गेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचा हल्ला झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये येमेनजवळ 'लिम्बर्ग' या तेलवाहू जहाजावर तसाच बोटीचा हल्ला झाला, त्यात एक खलाशी गेला. ते जहाज युद्धाचं नव्हतं, आमच्यासारखंच भाड्यानं माल वाहणारं होतं. त्याच डिसेंबरात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेनं आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेची नियमावली, मंजूर केला आणि १ जुलै २००४ पासून तो लागू झाला. मी तेव्हा ज्युनियर ऑफिसर होतो. त्या जूनमध्ये आम्ही ब्रिज (जिथून जहाज चालवतात), इंजिन रूम, स्टिअरिंग गिअर रूम (जिथे सुकाणू फिरवायची यंत्रं असतात) अशा दारांवर लाल अक्षरांत 'प्रवेश निषिद्ध' रंगवत होतो आणि ज्या दारांना वर्षानुवर्षं कधी कुलूप लागलं नव्हतं त्यांच्या किल्ल्या शोधत होतो. जुने बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, वैतागत. चार दिवसांचं फॅड आहे, जाईल, असं त्यांना वाटे.

ते गेलं नाही. आज आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचं माप) आणि त्यावरच्या प्रत्येक मालवाहू जहाजाला आणि सगळ्या प्रवासी जहाजांना सुरक्षा आराखडा लागतो. तो ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्या देशानं, किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेनं, मंजूर करायचा. मग प्रत्यक्ष जहाज तपासून जास्तीत जास्त ५ वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं आणि मध्ये एकदा पुन्हा तपासणी होते. जहाजावर एक सुरक्षा अधिकारी, एसएसओ. किनाऱ्यावर कंपनीचा एक, सीएसओ. बंदराच्या धक्क्याचा एक, पीएफएसओ. सुरक्षेच्या पातळ्या तीन. नेहमीची पहिली, धोका वाढला की दुसरी, आणि हल्ला होणार अशी पक्की खबर असेल तेव्हा तिसरी. ब्रिजवर आणि आणखी निदान एका ठिकाणी एक बटण लपवलेलं असतं. ते दाबलं तर जहाजावर काहीही वाजत नाही, दिवा लागत नाही, चढून आलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. संदेश मात्र थेट किनाऱ्यावर जातो. ते बटण कुठे आहे हे जहाजावरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. मला माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं नव्हतं.

आता तपासणीबद्दल. बंदर ज्या देशाचं, त्या देशाचा अधिकारी परदेशी जहाजावर चढून तपासणी करू शकतो. याला आम्ही पीएससी म्हणतो, पोर्ट स्टेट कंट्रोल. युरोपातले देश पॅरिस कराराखाली करतात, आशिया-पॅसिफिकचे टोकियो कराराखाली, आणि आपल्या बाजूच्या हिंद महासागर कराराचं सचिवालय गोव्यात आहे. लोकांना वाटतं हा माणूस येतो आणि कपाटातून फायली काढायला लावतो. तोही भाग असतोच. पण सुरक्षेच्या बाबतीत कोडनं एक शहाणपणाची मर्यादा घातली आहे : प्रमाणपत्र वैध असेल तर त्यानं ते मान्य करायचं. आराखडा गुप्त असतो, तो त्याला सहसा उघडूनही बघता येत नाही. खोलात शिरायचं तर त्याच्याकडे स्पष्ट कारण हवं. ते कारण तो कुठे शोधतो? शिडीवर. खाली धक्क्यावर उभा राहून दहा मिनिटं बघतो, मग चढतो, आणि त्या पोरासमोर येतो.

साधारण २०११ ची गोष्ट. मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर (कॅप्टनच्या खालोखालचा) होतो आणि एसएसओही मीच. आम्ही एकवीस जण. पूर्व आशियातल्या एका बंदरात जहाजाची किनाऱ्यावरची कामं बघणारा एजंट पावसात शिडीच्या वरच्या टोकाशी दहा मिनिटं उभा राहिला, कारण गँगवेवरचा पोरगा त्याला आत सोडेना. वॉकीटॉकीवर मला हाका मारत होता. मी बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखणारं पाणी भरण्या-उपसण्याच्या, कामात अडकलो होतो, उत्तर दिलं नाही. एजंटनं कॅप्टनकडे तक्रार केली, कॅप्टननं मला ऐकवलं आणि मी तो राग उतरवला पोरावर. तो भंडाऱ्याकडचा, दुसऱ्याच फेरीवरचा. मी म्हणालो, "माणूस पाहून वागायला शिक जरा."

आठ-नऊ दिवसांनी पुढच्या बंदरात एक गृहस्थ चढले. स्वच्छ बॉयलर सूट, हेल्मेट, हातात फोल्डर, चालण्यात रुबाब. पोरानं माणूस पाहिला. सलाम केला, ओळखपत्र मागितलं नाही, लॉगमध्ये नाव लिहिलं नाही, अदबीनं आत घेऊन निघाला. पॅसेजमध्ये त्या गृहस्थांनी विचारलं, आज जहाजाची सुरक्षा पातळी कोणती? पोरगा गप्प. तेव्हा त्यांनी खिशातून कार्ड काढलं. पीएससी इन्स्पेक्टर.

स्पष्ट कारण त्यांना मिळालं होतं. पुढचे चार तास आमचे नव्हते. स्टिअरिंग गिअर रूमचं दार उघडं सापडलं. मग त्यांनी क्रू लिस्ट मागितली आणि ड्रिलचं रजिस्टर. नियम असा की सुरक्षेचं ड्रिल निदान दर तीन महिन्यांनी व्हायला हवं. आणि एकाच वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं बदलली व नव्यांनी गेल्या तीन महिन्यांत त्या जहाजावर ड्रिल केलेलं नसेल, तर आठवड्याच्या आत. मागच्या बंदरात आमचे एकवीसपैकी सात जण बदलले होते. नववा दिवस उजाडला होता आणि ड्रिल झालं नव्हतं. ते करून घेणं माझं काम होतं. तीन डेफिशियन्सी, म्हणजे त्रुटी, लिहिल्या गेल्या, तिन्हींपुढे कोड १७, म्हणजे निघण्यापूर्वी दुरुस्त करा. कोड ३० असता तर जहाज अडकवलंच असतं. दुपारी इन्स्पेक्टरसमोर ड्रिल केलं, त्यांनी परत तपासलं. आम्ही सहा तास उशिरा निघालो.

रात्री मी गँगवेवर गेलो तेव्हा पोराला काय काय सुनवायचं ते ठरवून गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणले होते न, माणूस पाहून वाग म्हणून."

मी काही बोललो नाही. त्याच्याजवळ तासभर उभा राहिलो. ओळख न पटलेल्या माणसाला थांबवणं, त्याला पाऊस असो की ऊन, हे त्यानं मागच्या बंदरात बरोबर केलं होतं. मी त्याला ते चूक आहे म्हणून शिकवलं. शिडीवरचं कुलूप मीच काढून ठेवलं होतं.

त्यानंतर मी ज्या ज्या जहाजावर गेलो तिथे पहिल्याच आठवड्यात कॅप्टनच्या समोर सगळ्या क्रूला सांगत आलो : गँगवेवरच्या माणसानं कोणालाही थांबवलं तर त्याला कोणी बोलायचं नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना. कॅप्टन समोर असणं यात महत्त्वाचं, कारण कोकणातला असो की विदर्भातला, आपल्याकडचा पोरगा मोठ्या माणसाला अडवायला घाबरतो. आपण घरातच त्याला तसं वाढवलेलं असतं. त्याच्या पाठीशी वरचे उभे आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवं. आता समुद्र सोडून मी कंपन्यांसाठी जहाजांची अंतर्गत तपासणी करतो, न्हावा शेवा, मुंद्रा, विशाखापट्टणम, बोलावतील तिथे. नागपुरातून मला दोन्ही किनारे सारखेच. फायली मी शेवटी बघतो. आधी शिडी चढतो आणि कार्ड खिशातच ठेवतो.

शेजाऱ्यांनी पुढे विचारलं होतं, "मग एवढं सगळं असून मुंबईत ते कसे घुसले?" बरोबर विचारलं. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण 'कुबेर' या मासेमारी बोटीनं आले आणि शेवटचं अंतर रबरी बोटीनं कापून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. आयएसपीएस कोड मोठ्या व्यापारी जहाजांचा आणि त्यांच्या बंदरांचा. मासेमारी बोटी त्यात येतच नाहीत. एक दार नीट लावलं म्हणून शेजारचं दार आपोआप लागत नाही, आणि हे मला तपासणी करताना सारखं जाणवत राहतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याच धंद्यातली निघाली. ते बुटीबोरीच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतात. त्यांचे कंटेनर तिथेच भरून बंद होतात आणि पुढे रेल्वेनं जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. मी म्हटलं, मोठ्या जहाजावर असे हजारो डबे चढतात, आम्ही त्यातला एकही उघडून बघू शकत नाही. दारावरचा बोल्ट सील (तोडल्याशिवाय न निघणारा नंबरचा खिळा) शाबूत आहे आणि नंबर कागदाशी जुळतो, एवढंच आमच्या हातात. म्हणजे त्या डब्यापुरती जहाजाची शिडी बुटीबोरीत आहे. २०१७ पासून कारखान्यातच सील करणाऱ्या निर्यातदारांना इलेक्ट्रॉनिक सील लावावं लागतं, ते चांगलंच झालं. पण सील मारण्याआधी आत काय गेलं हे सील सांगत नाही. मी विचारलं, तुमच्याकडे सील लावतो कोण आणि ठेवता कुठे? ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "काँट्रॅक्टचा एक पोरगा लावते. ड्रॉवरमध्ये असतात." ड्रॉवरला कुलूप? "नाही." त्या पोरानं कधी ट्रक थांबवला आहे का, मोजणी जुळत नाही म्हणून? "थांबवला तर मॅनेजर त्याला सोडेल का भाऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप आणलं. मॅनेजरचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मुलाबद्दल मी त्यांना एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली, तीही इथे लिहितो, कारण सिक्युरिटीच्या नावाखाली ती झाकली जाते. कोडमध्येच लिहिलं आहे की बंदराच्या सुरक्षा आराखड्यात खलाशांना किनाऱ्यावर उतरता यावं याची सोय असायला हवी. प्रत्यक्षात कित्येक टर्मिनलांवर गेटपर्यंत चालत जायला मनाई, गाडी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. जहाज थांबतं एक-दीड दिवस, त्यातले काही तास तपासणीत जातात. आणि पीएससी येणार म्हटलं की सगळ्यांत आधी रजा रद्द होते ती गँगवेवरच्या त्याच पोराची. चार-चार महिने ज्याचे पाय जमिनीला लागलेले नाहीत त्यानं रात्री दोन वाजता ताजेतवानं राहून ओळखपत्र मागावं, ही अपेक्षा मला चुकीची वाटते. थकलेला माणूस कोणालाही आत सोडतो.

म्हणून माझ्या तपासणीत मी एक प्रश्न घालतो, जो बऱ्याच चेकलिस्टमध्ये नसतो : गेल्या तीन बंदरांत किनाऱ्यावर कोण कोण उतरलं, नावं दाखवा. मागच्या खेपेला एका जहाजावर त्या पानावर एकही नाव नव्हतं. मी ते अहवालात लिहिलं, सुरक्षेच्याच सदरात. कंपनीनं फोन करून विचारलं, याचा सिक्युरिटीशी काय संबंध? मी त्यांना भंडाऱ्याच्या पोराची गोष्ट सांगितली आणि नोंद तशीच ठेवली.