आधी अ‍ॅक्सल, मग आरएक्सचं इंजिन

आमची गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगत बसून चालवायची चार चाकांची छोटी गाडी, बघायला येणारा प्रत्येकजण आधी इंजिनापाशी वाकतो. यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचं आहे म्हटलं की चेहरा खुलतो. "किक मारू का एकदा?" हा पुढचा प्रश्न. मागच्या अ‍ॅक्सलकडे म्हणजे मागची दोन्ही चाकं धरणाऱ्या सळीकडे कुणी बघतसुद्धा नाही. मला विचाराल तर कार्टचा सगळा जीव त्या अ‍ॅक्सलमध्ये आणि पुढच्या चाकांच्या कोनांत आहे. इंजिन तर जपानच्या हुशार माणसांनी आधीच बनवून ठेवलंय, आपण ते बसवतो फक्त.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. सुट्टीत येऊन म्हणाला, "मामा, कार्ट करूया की. पोरं नुसती कागदावर डिझाइन काढत्यात." मला तेवढं निमित्त पुरलं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः तयार केला. इथं एखादी वस्तू घरच्या घरी बनवायची म्हटलं तर कुणी वेड्यात काढत नाही, उलट शेजारचा फाउंड्रीवाला स्वतःहून पॅटर्न विचारायला येतो.

तसंही कार्टचा जन्म वर्कशॉपमधलाच. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट जोडली. तो रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कर्टिस क्राफ्टमध्ये कामाला होता, आणि त्यानं लावलं होतं गवत कापायच्या मशीनचं वेस्ट बेंड कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन. म्हणजे दुसऱ्या कामाचं इंजिन काढून चार छोट्या चाकांवर ठेवायचं, ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

इंजिनाबद्दल एक गोष्ट मी भाच्याला आधीच बजावली होती. चालती आरएक्स मोडायची नाही. १९८५ ते १९९६ एवढाच काळ ती आपल्याकडे बनली, आणि आज जी धड उभी आहे ती उभीच राहिली पाहिजे. अपघातात चेसी वाकून गेलेल्या गाडीचं इंजिन मिळालं, कागदांसकट. कागद नसलेल्या इंजिनाला हात लावू नका. इंजिन नंबर कुणाच्या तरी आरसीवर असतो आणि उद्या ते प्रकरण आपल्या दारात येतं.

आता अ‍ॅक्सल. मोटारीला डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. कार्टला ते नसतं. दोन्ही चाकं एकाच सळीवर घट्ट, एकाच वेगानं फिरणार. मग गाडी वळणार कशी? आतलं मागचं चाक जमिनीवरून थोडं उचललं गेलं तरच. ते उचलण्याचं काम पुढच्या चाकांनी करायचं असतं. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती, मागच्या बाजूला कलती ठेवली (आम्ही बारा अंशांच्या आसपास ठेवली) की स्टिअरिंग फिरवताना आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. त्यानं सगळी चेसी तिरपी होते आणि एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी तिरक्या दोन कोपऱ्यांवर उभी राहते. म्हणून कार्टला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. चेसीचा पाइपच पिळवटतो आणि परत जागेवर येतो. उगाच जागोजागी आडवे पाइप मारून ती लोखंडी खाट करून ठेवली तर गाडी वळणावर सरळच निघून जाते.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. सपाट फरशीवर गाडी ठेवायची, माणूस बसवायचा, मागच्या आतल्या चाकाखाली वहीचा कागद सरकवायचा आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. कागद अलगद ओढून निघाला पाहिजे. आमचा पहिल्यांदा निघताना थोडा घासून निघाला. पुढच्या दोन्ही चाकांना स्टब अ‍ॅक्सलवर एकेक वॉशर आत टाकून चाकं बाहेर घेतली, मग कागद नुसत्या फुंकरीनं निघाला. भाच्यानं कॉलेजच्या ग्रुपवर त्याचाच व्हिडिओ टाकला, इंजिनाचा नाही. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

सळी ईएन-८ स्टीलची, ३० मिलीमीटरची ब्राइट बार, आणि तिला यूसीपी २०६ बेअरिंगं. बाजारातून आणलेली बार सरळच असते असं धरून चालू नका. व्ही-ब्लॉकच्या खाचांत ठेवून डायल गेज (बारीकसा वाकही काट्यावर दाखवणारं माप) लावायचा, हातानं सावकाश फिरवायची आणि काटा बघत बसायचं. जिथं काटा वर जातो तिथं खडूची खूण, मग प्रेसवर हलका दाब, पुन्हा डायल. या कामात घाई करणाऱ्याला मी मशीनजवळ उभा करत नाही. बार जराशी वाकडी राहिली तर चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते, आणि चक्रीचे दात लवकर खाल्ले जातात. हब लेथवर काढले, चावी बसायच्या खाचा (कीवे) स्लॉटिंग मशीनवर मारून आणल्या. ब्रेक एकच, अ‍ॅक्सलवर एक डिस्क आणि मोटरसायकलचा कॅलिपर. सळी एकच असल्यामुळे एका डिस्कवर दोन्ही चाकं थांबतात. चाकांच्या मध्यांमधलं अंतर, पुढच्यापासून मागच्यापर्यंत, १०५० मिलीमीटर ठेवलं, म्हणजे साडेतीन फुटांना जरासं कमी.

आरएक्सचं इंजिन कार्टला सोयीचं पडतं ते त्याच्या बांधणीमुळे. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला इंजिन ठेवलं की किक बाहेरच्या बाजूला येते आणि चेनची चक्री आतल्या बाजूला, सीटच्या कडेला. गिअरचा लिव्हरही तिकडेच, म्हणून त्याला सळई आणि रॉड एंड जोडून हाताचा गिअर केला आणि त्याच दांड्यावर क्लचची मूठ बसवली. चेनवर मात्र पूर्ण पत्र्याचं कव्हर हवंच. सीटपासून ती चार बोटांवर पळत असते.

चक्रीचा हिशेब ज्याला त्याला सांगावा लागतो म्हणून इथं लिहितो. आरएक्सचं मागचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८७ मीटर जातं. कार्टचं ११ इंची टायर जातं ८८ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. मूळची चक्री तशीच ठेवली तर जिथं मोटरसायकल शंभरावर जायची तिथं कार्ट सत्तेचाळीसवर थांबणार, पण उचल दुप्पट मिळणार. आम्ही मागची चक्री सात-आठ दातांनी लहान केली, साठीच्या आसपास जाते. जमिनीपासून दीड इंचावर बसलेल्या माणसाला साठ म्हणजे खूप होतात, विश्वास ठेवा.

ऐका, टू-स्ट्रोकला मरण येतं ते गरमीनं आणि तेलावाचून. मोटरसायकलवर इंजिन समोरून वारा खातं, कार्टवर ते माणसाच्या खांद्याआड बसतं. म्हणून पुढून वारा घेऊन थेट सिलिंडरच्या फिन्सवर सोडणारा पत्र्याचा बोगदा केला. तेलाचा पंप काढून टाकला आणि पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टूटी ऑइल घालतो. तेल पेट्रोलबरोबरच आत जातं, तेव्हा लांब सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल देऊन एकदम पाय काढला, तर इंजिन जोरात फिरत असतं आणि तेल मात्र बंद झालेलं असतं. तिथंच पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरला चिकटून बसतो. पाय काढताना क्लच दाबायची सवय लावा. प्लग काढून बघत राहा : चॉकलेटी रंग आला तर बरोबर, पांढरा पडला तर थांबा, आधी कार्ब्युरेटरचा जेट बघा आणि क्रँकचे ऑइल सील बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधूनच पेट्रोल-हवा वर जाते, त्यामुळे सील गळलं की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं.

सायलेन्सर कापून आखूड करू नका, जागेसाठी तर मुळीच नको. टू-स्ट्रोकचा तो फुगीर पाइप आवाज दाबायला नसतो. बाहेर गेलेल्या धक्क्याची लाट परत फिरून येते आणि निसटू बघणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. ती वेळ पाइपच्या लांबीवर ठरते. आम्ही लांबी तीच ठेवून फक्त वाक बदलले, गॅस वेल्डिंगनं, फाकी कापून.

चालवतो ती एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारात, लेखी परवानगी घेऊन, गेट बंद करून. रस्त्यावर ही गाडी आणायची नाही, तिला पासिंग होत नाही. फुल हेल्मेट, बूट, हातमोजे आणि इंजिन बंद करायचं लाल बटण स्टिअरिंगवर. सीटबेल्ट लावत नाही, कारण रोलकेज (माणसाभोवतीचा पाइपांचा पिंजरा) नसलेल्या गाडीत उलटल्यावर बांधलेला माणूस गाडीखाली सापडतो.

गेल्या रविवारी भाच्यानं सलग फेऱ्या मारल्या आणि येऊन म्हणाला, "मामा, डावीकडं झकास वळती, उजवीकडं जरा जड लागतीया." बरोबर आहे. इंजिन उजवीकडे आहे, वजन तिकडे जास्त. डावीकडे वळताना बाहेरची बाजू भारी आणि उजवीकडे वळताना आतली, मग आतलं मागचं चाक नीट उचलत नाही. आता सीट तीन बोटं डावीकडे सरकवायची, ब्रॅकेट नवीन कापायची आणि चारी चाकांखाली काटे ठेवून वजन घ्यायचं. काटे शेजारच्या गूळवाल्याकडून मागून ठेवलेत.