तोराचं वेत

कुत्र्यांत 'कोली आय अनॉमली' नावाचा डोळ्यांचा एक जन्मजात दोष असतो. पिल्लात तो शोधायचा तर ते सहा ते आठ आठवड्यांचं असतानाच शोधावा लागतो. तीन महिने उलटले की दोष असला तरी तो लपतो. बरा होत नाही, नुसता लपतो. दृष्टिपटलामागचा, त्याला रक्त पुरवणारा पडदा जिथे नीट वाढलेला नसतो, तो फिका भाग वाढत्या वयात रंगाखाली झाकला जातो आणि तपासणाऱ्याला डोळा निरोगी वाटतो. म्हणून आत्सुमाहून कुत्री व्याल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही सातव्या आठवड्यातला शनिवार लगेच ठरवून टाकला.

मी लातूर जिल्ह्यातली. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता साप्पोरोच्या एका प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या अनुवंशावर काम करते. जपानचा पशुवैद्यकीचा परवाना माझ्याकडे नाही, त्यामुळे उपचार माझ्या कामात येत नाहीत. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, वंशावळ उतरवून घ्यायची, डीएनए वाचायचा आणि जे दिसेल ते मालकाला नीट समजावून सांगायचं, एवढं माझं काम. पिल्लांचे डोळे बघायला आमचे नेत्रतज्ज्ञ सोबत होते.

होक्काइदो कुत्रा ही जपानच्या मूळ सहा जातींपैकी एक. उत्तरेकडच्या होक्काइदो या बेटावर, जिथे मी राहते, इथले मूळ रहिवासी ऐनू लोक हाच कुत्रा घेऊन अस्वलाच्या आणि हरणाच्या शिकारीला जात. १९०२ साली हाक्कोदा पर्वतात हिमवादळात सापडून २१० पैकी १९९ सैनिक गेले, तेव्हा बर्फाखालची प्रेतं शोधायला होक्काइदोहून ऐनू माणसं आणि त्यांचे कुत्रे बोलावले होते. जपानमध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातींत घरातल्या बापाच्या भूमिकेत बोलणारा पांढरा कुत्रा घराघरांत लाडका झाला. तो याच जातीचा, पण जातीचं नाव विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही.

१९३१ ते १९३७ या काळात सरकारने सात देशी जातींना नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. होक्काइदोचा क्रमांक शेवटच्या वर्षी लागला. त्या सातांपैकी कोशि-नो-इनु ही जात आज उरलेली नाही. सरकारी यादीत नाव आलं म्हणजे जात वाचली असं होत नाही, हे मला त्या एका नावावरून नेहमी आठवतं. दर्जा कागदावर राहतो, वेत मात्र कुणाच्या तरी गोठ्यात व्हावं लागतं.

आत्सुमा हे साप्पोरोपासून गाडीने दीड-दोन तासांवरचं भाताचं आणि हास्कापचं गाव. हास्काप म्हणजे निळसर, आंबट, बोराहून लहान फळ. ६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, डोंगरउतार खाली आले आणि एकट्या या गावात ३६ माणसं गेली. डोंगरांवरचे ते उघडे पट्टे रस्त्यावरून अजून दिसतात. ज्यांचा फोन आला होता त्या कुत्रीच्या म्हाताऱ्या मालकांचं घर (नाव सांगत नाही, आजोबाच म्हणते) तेव्हा कललं होतं. निवारा केंद्रात गर्दीत कुत्री बिथरतील म्हणून ते आपल्या छोट्या ट्रकमध्ये त्यांच्यासोबतच झोपले.

त्यांच्याकडची कुत्री वाघपट्टीची. होक्काइदोत पांढरा, तांबडा, काळा, तिळी असे अनेक रंग आहेत. त्यात चितोसेकडची कुत्री बहुतेक पांढरी आणि आत्सुमाकडची पट्टेरी, अशी जुनी ओळख. पांढरा रंग जाहिरातीत चालतो, प्रदर्शनात उठून दिसतो, गिऱ्हाईक तोच मागतं. पट्टेवाले त्यामुळे कमी होत गेले. १९४४ मध्ये लष्करासाठी कातडी हवी म्हणून घराघरांतून कुत्री गोळा केली गेली, तेव्हा आजोबांच्या वडिलांनी एक पट्टेरी कुत्री कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपडीत दडवली होती. आजोबांची तोरा तिच्याच वंशातली.

आम्ही पोचलो तेव्हा तोरा पिल्लांपुढे उभी होती. भुंकली नाही. ही जात अनोळखी माणसाला शेपूट हलवून दाखवत नाही आणि मला तिचं हे फार आवडतं. अशा कुत्रीसमोर थेट नजर द्यायची नाही, वाकून हात पुढे करायचा नाही. मी कडेला पाठमोरी बसले आणि आजोबांशी पावसापाण्याचं बोलत राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझी बाही हुंगली, मग बुटाचे तळवे, आणि पिल्लांजवळ जाऊन आडवी झाली. आजोबा म्हणाले, "आता उचला, पण एकेकच. आणि परत ठेवताना तिच्या पुढ्यात ठेवा."

अवजारांच्या खोलीच्या खिडकीवर घोंगड्या टांगून अंधार केला. बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि वीस मिनिटं वाट पाहिली. पाच पिल्लं होती, तीन पांढरी, दोन पट्टेरी. मी एकेकाला छातीशी धरायचं, डोकं स्थिर ठेवायचं आणि डॉक्टरांनी डोक्यावरच्या दिव्याने भिंगातून आत बघायचं. ते सांगत होते, मी लिहून घेत होते.

पहिलं पांढरं, दोन्ही डोळे चांगले. दुसरं पट्टेरी नर, चांगलं. तिसरी पट्टेरी मादी, दोन्ही डोळ्यांत तो फिका भाग, पण बाकी सगळं जागच्या जागी. चौथं पांढरं, तसंच सौम्य. पाचव्या, पांढऱ्या नराला डॉक्टर फार वेळ बघत राहिले. उजव्या डोळ्यात नस जिथून आत येते तिथे खोल खळगा होता. डाव्या डोळ्याचं दृष्टिपटल सुटलेलं होतं. त्या डोळ्याने त्याला काहीच दिसत नव्हतं, आणि तरीही खोलीत सोडल्यावर ते भावंडांच्या मागे दणादण धावत होतं.

हा दोष कोली आणि त्यांच्यासारख्या मेंढपाळी कुत्र्यांतला म्हणून पुस्तकांत शिकवला जातो. होक्काइदो कुत्र्यातही तोच आहे आणि चांगलाच पसरलेला आहे. डीएनएतली सुमारे ७,८०० अक्षरांची एक सलग पट्टी गळालेली असते. दोन्ही जातींत गळालेली पट्टी तीच, म्हणजे मागे कुठेतरी पूर्वजही एक. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) या बेटावर अमेरिकी पद्धतीची कुरणं आणि गोठे आले, त्यांच्यासोबत मेंढपाळी कुत्रेही आले असणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याने 'शंभर टक्के शुद्ध' हा शब्द जरा जपून वापरावा असं मला वाटतं.

गळालेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच दोष दिसतो. एकच प्रत असलेला कुत्रा वाहक, त्याचे डोळे ठणठणीत. दोष किती तीव्र असेल ते मात्र डीएनएवरून कळत नाही. बहुतेकांना आयुष्यभर व्यवस्थित दिसतं, थोड्यांचा डोळा जातो. म्हणून डीएनए आणि डोळे दोन्ही तपासावे लागतात.

तोराचा आणि पिल्लांच्या बापाचा नमुना आजोबांनी आधीच टपालाने पाठवला होता. निकाल माझ्या पिशवीत होता आणि तो समोर बसून सांगायचा असं मी ठरवलं होतं. बाप वाहक, एक प्रत. आणि तोराकडे दोन्ही प्रती गळालेल्या.

आजोबा कागद हातात धरून म्हणाले, "हिला तर पलीकडच्या टेकडीवरचं हरीण दिसतं."

"दिसतंच," मी म्हटलं. "तिचा दोष सौम्य आहे. तिच्या लेकराचा तसा नाही."

त्यांनी कागदाची घडी केली. "म्हणजे हिची वीण बंद. पट्टे संपले."

जातीवर जीव असलेल्या माणसांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकते आणि दर वेळी हादरते, कारण त्यांना ते बाहेरून कुणीतरी शिकवलेलं असतं. दोष सापडला की ते जनावर बाद करा. लाखोंनी असलेल्या जातीत असं करता येईल. मोजकी घराणी उरलेल्या जातीत ज्याच्याकडे एक गळालेली प्रत आहे त्या प्रत्येकाला बाद केलं, तर त्या एका प्रतीसोबत उरलेलं सगळं जातं. काटकपणा, शिकारीची अक्कल, पट्टे आणि आपण अजून मोजलेलंही नाही असं पुष्कळ काही. मग उरलेल्या चारदोन निवडक कुत्र्यांचा आपापसांत संकर करायचा, आणि दहा-वीस वर्षांनी नवा आजार वर येतो. तो काढायला उरलेलं कुणीच नसतं.

हा दोष पसरला कसा, तेही तोराच्या वंशावळीत दिसत होतं. बापाकडच्या बाजूला एकच पांढरा नर तीन जागी होता. देखणा, प्रदर्शनांत नावाजलेला. सगळ्यांनी त्याच्याकडे माद्या नेल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण एका नराची शेकडो पिल्लं झाली की त्याची एक लपलेली प्रत गावोगाव जाते आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत स्वतःलाच भेटते.

मी खाद्याच्या रिकाम्या पिशवीवर मार्करने ठिपके काढले. काळा ठिपका गळालेली प्रत, पोकळ ठिपका चांगली. तोराचे दोन काळे. समोर दोन पोकळ ठिपक्यांचा, पूर्ण मोकळा नर. "यांची सगळी पिल्लं एक काळा, एक पोकळ. सगळी वाहक, पण डोळ्यांचा दोष एकालाही नाही. त्यातली पट्टेरी मादी पुन्हा मोकळ्या नराला दिली की सरासरी अर्धी पिल्लं पूर्ण मोकळी. दोन पिढ्या. पट्टे कुठेही जात नाहीत."

आजोबा पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बियाण्याच्या भातासारखं आहे. लोंबी रोगट दिसली म्हणून वाण फेकत नाही आपण. दुसऱ्या शेतातलं आणून पुढचं वर्ष बघतो."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मी विचारलं, "या भागात असा नर आहे का, ज्याला कुणीच मादी देत नाही?"

त्यांना हसू आलं. नदीपलीकडे एका निवृत्त शिकाऱ्याकडे तिळी रंगाचा नऊ वर्षांचा कुत्रा होता. हरणाने एक कान फाडलेला आणि जन्मापासून एक दाढ कमी. देशी कुत्र्यांच्या प्रदर्शनात दात मोजतात आणि कमी असले तर ते उणं धरलं जातं, म्हणून मालकाने त्याला कधी नेलंच नव्हतं. त्याच दुपारी आम्ही तिघे तिकडे गेलो. कुत्रा लाकडाच्या ढिगाऱ्यामागे साखळीला होता. मालकाने तोंड धरलं, मी गालातून काडी फिरवली, त्याने ती चावून अर्धी केली. दुसरी वापरली. मालकाने आम्हाला हास्कापच्या मुरांब्याची बरणी दिली आणि विचारलं की या म्हाताऱ्याचं आता काय करणार. आजोबांनी त्यांना ठिपके समजावले, माझ्याहून सोप्या जपानीत.

अर्ध्या आंधळ्या पिल्लाचं काय, हा प्रश्न परतताना निघाला. शिकारीला ते जाणार नाही आणि त्याची वीणही होणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. आजोबांचं म्हणणं होतं की कुत्रा नाकाने जगतो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की उतारावर अस्वल समोर आलं तर नाक पुरणार नाही, आणि खळगा असलेला उजवा डोळाही जपावा लागेल. शेवटी ते आजोबांच्या मुलीकडे तोमाकोमाईला गेलं. तिथे त्याला सपाट अंगण आहे. नसबंदी झाली आहे आणि तिच्या मुलाबरोबर ते रोज फिरायला जातं.

तिळी कुत्र्याचा निकाल आला तो दोन पोकळ ठिपक्यांचा. मला त्याहून आनंद झाला तो नात्याच्या तपासणीचा. आमच्याकडे त्या भागातून आलेल्या सगळ्या नमुन्यांत तोराशी सर्वांत लांबचं नातं त्याचंच होतं. त्याला कुणी वापरलंच नव्हतं, म्हणून त्याच्यातलं सगळं अजून शिल्लक होतं. पुढच्या वर्षी तोरा त्याच्यापासून व्याली. चार पिल्लं, दोन पट्टेरी, एक तिळी, एक तांबडं. सातव्या आठवड्यात आम्ही पुन्हा घोंगड्या टांगल्या. आठही डोळे चांगले निघाले आणि डीएनएही ठिपक्यांनी सांगितलं तसाच आला, चौघंही वाहक. अपेक्षित होतं तेच, तरी ते कागदावर बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या भागात कारवानी कुत्रे आहेत, लांब पायांचे, सडपातळ, वाऱ्यासारखे पळणारे. माझ्या आजोळी दारात असायचे. 'अस्सल' ठेवण्यासाठी तिथेही घरातल्या घरात संकर करणारे आहेत, आणि एका नामांकित नराकडे धावणारेही. सुट्टीवर गेले की मी त्यांच्याशी हेच बोलते. आजोबांची पिशवी फोनमध्ये फोटो काढून ठेवली आहे, तीच दाखवते. ठिपके मराठीतही तेवढेच सोपे जातात.

तोराच्या पट्टेरी लेकीसाठी आता मोकळा नर शोधायचा आहे. आजोबांनी हिदाकाकडच्या ओळखीच्या शिकाऱ्यांना फोन लावून यादी केली आहे. त्यात एका कुत्र्याचं शेपूट नीट वळत नाही, दुसरा फार बुटका आहे, तिसऱ्याची वंशावळच अर्धी हरवली आहे. बर्फ वितळला की काड्या घेऊन मी तिकडे जाणार आहे, आणि गाडी आजोबा चालवणार आहेत.