ओचानोमिझूतले तीन शनिवार
तोक्योत नोकरीसाठी आलो तेव्हाच ठरवलं होतं, इथून परतताना एक जेव्ही घेऊनच जायची. १९८२ ते १९८४ दरम्यान जपानमध्ये बनलेल्या फेंडर या अमेरिकन कंपनीच्या आणि तिच्याच स्क्वायर ब्रँडच्या बऱ्याच गिटारींचा अनुक्रमांक या दोन अक्षरांनी सुरू होतो, म्हणून हे नाव.

१९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्यानंतर, विशेषतः सत्तरच्या दशकात, कामातली सफाई गेली असं वादक आजही सांगतात. त्याच काळात ग्रेको, तोकाई या जपानी ब्रँडच्या फेंडरच्या जुन्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) मॉडेलसारख्या हुबेहूब गिटार बाजारात आल्या. शेवटी फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारीत कंपनी काढली आणि काम दिलं मात्सुमोतोच्या फुजिगेनला, म्हणजे ग्रेको घडवणाऱ्याच हातांना! मला ओढ त्या हातांची होती.

पहिल्या शनिवारी ओचानोमिझू स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर नुसता फिरलो. दुकानाला लागून दुकान, सगळी गिटारींची.

दुसऱ्या शनिवारी एक मनात भरली. नेकप्लेटवर (नेक म्हणजे दांडा, तो बॉडीला जोडणारी ही धातूची पट्टी) जेव्ही क्रमांक, किंमतही आवाक्यातली. पण १९६२ च्या धाटणीच्या गिटारीत ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, नट नेकच्या बुडाशी असतो. हिच्या हेडस्टॉकवरच, म्हणजे खुंट्यांच्या टोकालाच, भोक दिसलं. नेक बदललेला होता. प्लेट चार स्क्रूंवर असते, तशा दुसऱ्या गिटारीवरही बसते. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर कधीच विसंबू नका. घरी येताना फार वाईट वाटलं.

तिसऱ्या शनिवारी एसटी-६२-८५ हे स्ट्रॅटचं जेव्ही मॉडेल मिळालं. यातले ८५ म्हणजे नवी असतानाची किंमत, ८५ हजार येन. ११५ वाल्या मॉडेलला अमेरिकन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबक, असायचे. तेवढं माझं बजेट नव्हतं. नेक उघडून दाखवाल का, असं माझ्या मोडक्या जपानीत विचारलं. दुकानदाराने मऊ कापड अंथरलं, तारा सैल करून स्क्रू काढले. नेकचं बूड कोरं, एकही जास्तीचं भोक नाही. पिकगार्डखाली, म्हणजे बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली, सोल्डर जुनं, काळवंडलेलं, कुणी हात न लावलेलं. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र पहिल्या पाचापर्यंत झिजलेले होते. ते मी चालवून घेतलं. फ्रेट नवे घालता येतात, हा नेक पुन्हा मिळाला नसता.

पैसे देण्याआधी एकच तपासायचं राहिलं होतं. या फिंगरबोर्डला, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाला, गोलाई जास्त असते, तार वर ओढली की सूर मध्येच घुसमटू शकतो. बाराव्या फ्रेटवर दुसरी तार पूर्ण एक स्वर ओढली.

सूर शेवटपर्यंत टिकला.