परवाना रद्द, जमीन कायम: जकार्ताची बेटं

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: समुद्रात भर घालून बेटं करायला विरोध करत अनीस बास्वेदान 2017 मध्ये इंडोनेशियातल्या जकार्ताच्या गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले, मग बेटं अजून जागेवर कशी? मागोमाग दुसरा प्रश्न येतो, की गव्हर्नरने शब्द फिरवला का?

फिरवला असं म्हणता येईल, पण तेवढ्याने काही उलगडत नाही. खरी भानगड कागदांच्या क्रमात आहे.

योजना जुनी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या 1995 च्या 52 क्रमांकाच्या अध्यादेशातली. जकार्ताच्या उत्तर किनाऱ्यापुढे 17 बेटं, ए पासून क्यू पर्यंत, मिळून सुमारे 5,100 हेक्टर. भर घालण्याचा अधिकार गव्हर्नरकडे. इथेच पहिली मेख आहे. समुद्र, पर्यावरण, मत्स्यव्यवसाय ही खाती केंद्राची, परवान्यावर सही मात्र प्रांताची. त्यामुळे जो तो आपल्या सोयीचा कायदा काढून दाखवतो आणि तो कागदावर बरोबरही असतो.

सरळ वाट अशी: आधी तत्त्वतः मंजुरी, मग पर्यावरण परिणामांचा अभ्यास, मग भरावाचा परवाना. भराव पूर्ण झाला की त्या जमिनीचा 'व्यवस्थापन हक्क' प्रांताच्या नावावर. त्यातून बिल्डरला ठरावीक मुदतीचा 'बांधकाम हक्क'. सगळ्यात शेवटी इमारतीची परवानगी. प्रत्यक्षात जकार्तात बेटांच्या आराखड्याचा स्थानिक कायदा मंजूर होण्याआधीच भराव सुरू झाला आणि डी बेटावर परवानगीशिवाय शेकडो इमारती उभ्या राहिल्या. उलट्या क्रमाने का? कारण परवाना एका सहीने रद्द होतो. वाळू टाकून झालेली बेटं कोणी परत उपसत नाही.

कायदा अडला तो पैशावर. तेव्हाचे गव्हर्नर बासुकी पुर्नामा, म्हणजे आहोक, यांना बिल्डरांकडून 'जादा योगदान' हवं होतं: विक्रीयोग्य जमीन गुणिले सरकारी दर, त्याचे 15 टक्के. विधानमंडळात ते 5 टक्क्यांवर आणायची खटपट चालली होती. गंमत बघायची तर हिशेब मांडून बघा. समजा, 100 हेक्टर विक्रीयोग्य जमीन, दर चौरस मीटरला 30 लाख रुपिया. एकूण किंमत 3 लाख कोटी. 15 टक्के म्हणजे 45,000 कोटी, 5 टक्के म्हणजे 15,000 कोटी. एवढ्याशा तुकड्यावर 30,000 कोटींचा फरक. 31 मार्च 2016 ला भ्रष्टाचारविरोधी आयोगाने मोहम्मद सानुसी या लोकप्रतिनिधीला पकडलं. आगुंग पोडोमोरो लँड या बिल्डर कंपनीचे प्रमुख आरिएस्मान विजाया यांच्याकडून त्याने घेतलेली लाच 200 कोटी रुपियांची होती. दोघेही तुरुंगात गेले. माझ्या मते लाच किती स्वस्त पडते, हा त्या खटल्याचा सगळ्यात बोलका तपशील.

त्याच वर्षी मच्छीमारांनी जी बेटाच्या परवान्याविरुद्धचा दावा मे महिन्यात जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये अपिलात गमावला. केंद्राचे समन्वय मंत्री रिझाल रामली यांनी 30 जूनला जी बेट कायमचं बंद केलं. मुआरा कारांगचं वीज केंद्र आणि समुद्राखालच्या केबल्सना धोका, हे एक कारण. महिन्याभरात त्यांचं खातं लुहुत पंजैतान यांच्याकडे गेलं आणि 'कायमचं' या शब्दाची मुदत संपली.

आता 2017 च्या तारखा शेजारी ठेवून वाचा. ऑगस्टमध्ये डी बेटाच्या 312 हेक्टरवर बांधकाम हक्काचं प्रमाणपत्र निघालं. 5 ऑक्टोबरला केंद्राने भरावावर स्वतःच घातलेली स्थगिती उठवली. अनीस यांनी शपथ घेतली 16 ऑक्टोबरला. त्यांनी प्रमाणपत्र रद्द करा म्हणून केंद्राच्या भूमी खात्याला पत्र धाडलं. खात्याने 'कोर्टात जा' म्हणून हात झटकले. जून 2018 मध्ये त्यांनी डी बेटावरच्या 932 इमारतींना सील ठोकलं. सप्टेंबरमध्ये 13 बेटांचे परवाने रद्द केले. म्हणजे अजून न झालेल्या बेटांचे. उरलेल्या सी, डी, जी, एन यांना हात लागला नाही. वर्षभरात त्याच 932 इमारतींची बांधकाम परवानगी निघाली, आधार आहोक यांच्याच 2016 च्या नियमाचा. विरोधकाच्या सहीचा असा उपयोग होतो.

'पण शहर तर खचतंय, बेटांनी ते वाचणार होतं ना?' असंही विचारलं जातं. नाही. उत्तर जकार्ता खचण्याचं मोठं कारण म्हणजे बोअरवेलने उपसलेलं भूजल. नळ सगळीकडे पोचला नाही म्हणून घरं, हॉटेलं, कारखाने जमिनीखालून पाणी ओढतात, चिकणमातीचे थर दबतात आणि मुआरा बारूसारख्या वस्त्यांत रस्ता समुद्रपातळीच्या खाली जातो. बेटांसोबत समुद्रात एक संरक्षक भिंतही बांधायची योजना होती, पण ती बांधली तरी उपसा थांबत नाही. भिंतीआड 13 नद्यांचं पाणी अडतं, ते पंपाने बाहेर फेकावं लागतं, आणि शहराचं सांडपाणी त्याच नद्यांतून येतं. उपाय नळाचा आहे, पण नळाच्या पाइपवर फ्लॅट विकता येत नाहीत. भिंतीचा खर्च मात्र बेटांवरची जमीन विकून काढायचा बेत होता. भिंत आणि बेटं एकाच नकाशात का आली, ते यावरून कळावं.

भरावाची वाळू आली कुठून, हेही बघायला हवं. शेजारच्या बांतेन प्रांतातल्या लोंतार गावाजवळ ड्रेजर लागले, तिथल्या मच्छीमारांची जाळी रिकामी जाऊ लागली. त्यांचा जकार्ताच्या मतदारयादीत पत्ताच नाही.

ताजं प्रकरण जानेवारी 2025 चं. जकार्ताच्या पश्चिमेला तांगेरांगच्या समुद्रातलं बांबूंचं कुंपण चर्चेत आलं, 30 किलोमीटरचं. चौकशीत त्या भागात, पाण्यावर, बांधकाम हक्काची 263 प्रमाणपत्रं निघाली. बहुतेक कंपन्यांच्या नावावर. बचाव काय, तर इथे पूर्वी मत्स्यतळी होती, समुद्राने गिळली, मालकी मात्र शाबूत. नौदलाने बांबू उपटले, भूमी खात्याने प्रमाणपत्रं रद्द करायला घेतली, आणि एका गावच्या सरपंचाला खोट्या कागदपत्रांच्या गुन्ह्यात अटक झाली. या वेळी भराव पडायच्या आधी कागद हाती लागला, एवढाच फरक.