सोनोग्राफीत फट दिसली त्या दिवशी

"मॅडम, परत फाटलं बघा." मिस्त्रींनी दारातूनच लिफाफा पुढे केला. मागे काकू उभ्या होत्या, डोळे सुजलेले. खांद्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत होता, पण शेवटच्या ओळीतला 'री-टेअर' हा ठळक शब्द मेडिकलच्या दुकानातल्या पोरानं त्यांना उलगडून सांगितला होता. तिथून थेट माझ्याकडे येईपर्यंत दोघांनी मनात तिसरं ऑपरेशन, त्याचं कर्ज आणि मोडलेला संसार, सगळं मोजून झालं होतं.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. मिस्त्री इचलकरंजीचे, वय छप्पन्न, गिलाव्यात उभी हयात गेलेली. स्लॅबच्या छताला खालून माल मारायचा म्हणजे उजवा हात दिवसभर डोक्याच्या वर, हातात थापी, मान मागे टाकलेली. अशा कामात रोटेटर कफ झिजतो. खांद्याच्या गोळ्याला वरून, मागून आणि पुढून धरून ठेवणारे हे चार स्नायू आहेत: वर सुप्रास्पायनॅटस, मागे इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. मिस्त्रींचा वरचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटला आणि फाट मागच्या टेंडनपर्यंत सरकली.

पहिलं ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं. दोन महिन्यांत दुखणं थांबलं, रात्रीची झोप लागायला लागली आणि तिसऱ्या महिन्यात मिस्त्री परांचीवर चढले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असंच कुणालाही वाटणार. पण दुखणं थांबतं तेव्हा हाडाला शिवलेला टेंडन टाक्यांच्या आणि हाडात रोवलेल्या अँकरच्या जिवावरच टिकलेला असतो. तो खऱ्या अर्थानं हाडात रुजायला कित्येक महिने लागतात. हे ऑपरेशनच्या आधीच, घरच्यांना शेजारी बसवून सांगायला हवं. डिस्चार्जच्या कागदावर 'जड काम टाळा' एवढं लिहून भागत नाही. गवंड्याच्या लेखी जड काम म्हणजे सिमेंटचं पोतं, थापी नव्हे.

दुसऱ्यांदा फाटलं तेव्हा फाट चार सेंटिमीटरच्या आसपास होती आणि हात खांद्याच्या उंचीलाही पोचत नव्हता. तेव्हाचा एमआरआय मी सर्जनसोबत बसून पाहिला. अशा वेळी फाटीपेक्षा जास्त वेळ स्नायूकडे बघावं लागतं. टेंडन सुटला की स्नायू आखडत मागे जातो, सुकतो आणि त्याच्या तंतूंमध्ये चरबी शिरते. ही चरबी मोजायची पद्धत फ्रान्सच्या गुतालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून मांडली. आज तीच एमआरआयवर वापरतात. शून्य म्हणजे चरबी नाही, तीन म्हणजे स्नायू आणि चरबी निम्मेनिम्मे, चार म्हणजे स्नायूपेक्षा चरबी जास्त. सुकलेला स्नायू थोडाफार परत भरतो, पण एकदा शिरलेली चरबी, टेंडन नीट जुळला तरी, सहसा मागे हटत नाही. उत्तम शस्त्रक्रियेनंतर फार तर ती वाढायची थांबते. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला उरलेला स्नायू किती जिवंत आहे, हा प्रश्न टाक्यांच्या संख्येपेक्षा मोठा असतो.

मिस्त्रींचा वरचा स्नायू दोन आणि तीनच्या मधे, मागचा दोनच्या आत, पुढचा जवळपास निरोगी. स्नायू आणखी गेलेला असता तर रिव्हर्स शोल्डरचा, म्हणजे खांद्याची वाटी आणि गोळा उलटे बसवणाऱ्या कृत्रिम सांध्याचा विचार झाला असता. वय आणि कष्टाचं काम पाहून सर्जननी आणखी एकदा शिवायचं ठरवलं. "टेंडनची प्रत बरी नाही, घाई अजिबात नको," एवढंच त्यांनी मला बजावलं.

त्यानंतरचे महिने फार हळू गेले. सहा आठवडे स्लिंग. हात मीच उचलायचा, मिस्त्रींनी ढिला सोडायचा. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे. सहा आठवड्यांनंतर उताणं झोपून, काठी दोन्ही हातांत धरून, डाव्या हाताच्या जोरावर उजवा वर न्यायचा. झोपून जमलं की पाठीला उशा लावून अर्धवट बसून, मग उभं राहून. अशानं हाताच्या वजनाचा भार खांद्यावर हप्त्याहप्त्यानं पडतो. थेराबँड, म्हणजे व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा, तीन महिने उलटल्यावरच हातात दिला. आणि सगळा वेळ आरशासमोर, कारण मिस्त्री हात उचलायला गेले की खांदाच कानाकडे चढायचा. मानेचे स्नायू दुसऱ्याचं काम ओढून घेत होते. ते सोडवण्यात आमचे बहुतेक दिवस गेले. पाठीच्या पात्याला धरणारे स्नायू, विशेषतः सेरॅटस अँटेरिअर आणि ट्रॅपेझिअसचा खालचा भाग, जागे झाल्याशिवाय खांद्याला बैठकच मिळत नाही.

व्यायामाबाहेरच्या गोष्टींवर मी तितकाच जोर दिला. मिस्त्रींना मधुमेह आहे आणि गालात तंबाखू कायमची. निकोटिनमुळे टेंडन हाडाला उशिरा जुळतो हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. वाढलेली साखरही जुळणं बिघडवते. तंबाखू सोडणं त्यांना ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं, हे काकूंनी सांगितलं. जेवणाची चौकशी केली तर भाकरी, आमटी आणि मिरचीचा ठेचा. सुकलेला स्नायू भरायचा तर शरीराच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. मिस्त्रींचं वजन बासष्ट किलो, म्हणजे रोजची अठ्ठ्याहत्तर ते त्र्याण्णव ग्रॅम. मधुमेहामुळे आधी त्यांच्या डॉक्टरांकडून किडनीची तपासणी करून घेतली, मगच आहार वाढवला. अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, वर घट्ट वरण, दही, मटकीची उसळ. काकूंनी हा हिशेब एवढा मनावर घेतला की दर भेटीला वहीत लिहून आणायच्या.

तर तो लिफाफा. मी रिपोर्ट पूर्ण वाचला. सुप्रास्पायनॅटसच्या पुढच्या कडेला पूर्ण जाडीची नऊ मिलिमीटरची फट होती. मागचा टेंडन मात्र हाडाला नीट जुळलेला होता, पुढचाही शाबूत. ही वाक्यं ठळक छापलेली नव्हती, म्हणून कुणी वाचून दाखवली नव्हती.

"मिस्त्री, शर्ट काढा आणि आरशासमोर उभे राहा," मी म्हटलं. त्यांनी हात उचलला. खांदा कानाकडे गेला नाही. हात खांद्याच्या उंचीवरून पुढे सरकला, कपाळाच्या वर गेला. कोनमापक लावला तर एकशे तीस अंश. मग कोपर कमरेशी ठेवून मी त्यांचा हात बाहेर फिरवला आणि सोडून दिला. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी इथे हात गळून पोटाकडे यायचा. आता तो जिथे सोडला तिथेच राहिला. काकू माझ्याकडे आणि हाताकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"मग फाटलंय ते?" मिस्त्रींनी विचारलं.

मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. परांचीचा वासा पुढून आणि मागून दोरीनं ताणून बांधलेला असेल, तर वरची एक गाठ सैल झाली म्हणून परांची कोसळत नाही. पुढचा आणि मागचा स्नायू खांद्याच्या गोळ्याला वाटीत मधोमध दाबून धरतात. गोळा तसा स्थिर राहिला की बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात वर उचलू शकतो. तो धरला गेला नाही, तर तोच डेल्टॉइड गोळ्याला वर ओढतो आणि हात अडकतो. आधी तेच होत होतं.

हे मी दिलासा द्यायला रचून सांगत नव्हते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं शिवलेल्या मोठ्या फाटींचे अठरा रुग्ण तपासले. वर्षभरानं त्यांतल्या सतरा जणांच्या सोनोग्राफीत टेंडन पुन्हा सुटलेला दिसला, तरी बहुतेकांचं दुखणं कमी होतं आणि हात पूर्वीपेक्षा चांगला चालत होता. दुसऱ्या वर्षी मात्र खांद्याच्या चाचणीतले सरासरी गुण थोडे खाली आले. ही दुसरी अर्धी बाजूही मी मिस्त्रींना सांगितली. ती लपवली असती तर ते पुढच्या आठवड्यात परांचीवर दिसले असते.

रिपोर्ट हातात देताना समोरच्या माणसाला हात उचलायला लावणं इतकं कठीण का व्हावं, हे मला कळत नाही. चित्रात दिसतो तो टेंडन, आणि कपडे घालतो, ताट उचलतो, केस विंचरतो तो आख्खा खांदा. दोन्ही बघितल्याशिवाय 'परत फाटलं' म्हणू नये. एका शब्दानं त्या दोघांचा जीव जाळला होता.

सर्जनना मी तिथूनच फोन केला. हात वर जातोय, जोर वाढतोय, रात्री दुखत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सुईही लावायची नाही. व्यायाम चालू ठेवा, वर्ष झालं की परत बघू." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मिस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मला अपेक्षित होता तोच प्रश्न आला: "छताला माल मारता येईल का पुन्हा?"

"नाही," मी म्हटलं. "छातीच्या वरचं काम आता नाही. कधीच नाही म्हटलं तरी चालेल."

"आणि फरशी?"

फरशीच्या कामात हात कमरेच्या खाली, कोपर अंगाजवळ. चाळीस किलोची पेटी एकट्यानं उचलायची नाही, ती बिगाऱ्यानं आणायची. लेव्हल बघणं, ओळ धरणं, सांधे भरणं मिस्त्रींचं. तेही लगेच नाही. आणखी तीन-चार महिन्यांनी, बाहेरच्या बाजूला फिरवण्याचा जोर डाव्या हाताच्या पाऊणपट झाल्यावर. मी दोन्ही हातांचा जोर मोजून आकडे काकूंच्या वहीत शेजारी शेजारी लिहिले: आज उजवा डाव्याच्या निम्म्याहून थोडा जास्त.

"पुतण्या फरशीचंच करतोय," काकू म्हणाल्या. "त्याला म्हणते, मापं घ्यायला ह्यांना न्या."

मिस्त्रींनी शर्ट घातला, बटणं उजव्या हातानं लावली आणि विचारलं, लाल थेराबँड जमतोय तर त्याहून कडक हिरवा कधी देणार. मी म्हटलं, लालवर पंधरा वेळा, तीन फेऱ्या, खांदा वर न चढवता, सलग आठवडाभर झालं की. त्यांनी तिथंच खुर्चीला बँड अडकवला आणि पहिली फेरी सुरू केली.