डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी रायफल

डोंगर चढताना खांद्यावरचा अर्धा किलोसुद्धा जाणवतो, म्हणून रायफल हलकी हवी हे खरंच, पण नुसतं कॅटलॉगमधलं वजन बघू नका, त्यात बहुतेक वेळा स्कोप (नेम धरायची दुर्बीण), तो बसवायचा माउंट, पट्टा, गोळ्या काहीच धरलेलं नसतं. माझ्या मते सगळं मिळून साडेतीन किलोत बसलं की पुरे. त्याहून खूप खाली गेलात तर गोळी झाडताना खांद्याला धक्का जोरात बसतो आणि धाप लागलेली असताना नळी स्थिर राहतच नाही, मग जनावर जखमी होऊन निसटतं, ते मला अजिबात सहन होत नाही. म्हणून मी जोरात धक्का देणाऱ्या मॅग्नम काडतुसापेक्षा ६.५ क्रीडमोर नाहीतर ७ एमएम-०८ या सौम्य धक्क्याच्या काडतुसाची रायफल घेईन. हलक्या रायफलची बारीक नळी लवकर तापते आणि मग नेम सरकतो, पण शिकारीत पहिली गोळीच महत्त्वाची, त्यामुळे सराव थंड नळीवरच करा.